ड्रायव्हर सोडून सगळे

मी ज्याच्याशी लग्न करायचं ठरवलं होतं, तो माणूस आमच्या लग्नाची बेरीज करत बसला होता. हो, बेरीज! मी विचारलं, "मी तुला आवडते की नाही, एवढंच सांग." तर म्हणतो, "मास्तर, जरा थांब, अजून दोन माणसं मोजायची राहिलीत." आता अशा माणसाचं काय करायचं? मी मनाशी म्हटलं, लग्न तर याच्याशीच करायचं, आणि मग जन्मभर याचा सूड उगवायचा.

तो बसचा ड्रायव्हर आणि मी त्याच बसची कंडक्टर, म्हणून मी 'मास्तर'. त्याला अख्खा डेपो 'बेरीज' म्हणायचा. आमची गाडी डेपोतली सगळ्यात म्हातारी. चढावर खोकायची, उतारावर किंचाळायची. पुढे ड्रायव्हरच्या डोक्यावर एक लांबलचक आरसा, मागे दाराशी माझी जागा, आणि छताला घंटीची दोरी. एकदा ओढली की थांब, दोनदा ओढली की चल. माझा निम्मा संसार त्या दोरीला लटकलेला होता म्हणा ना.

पहिल्याच आठवड्यात मी पाहिलं, हा दर थांब्यावर मान वर करून आरशात बघतो आणि ओठ हलवतो. मला वाटलं, काहीतरी पुटपुटतोय बिचारा, ब्रेक लागू देत म्हणून प्रार्थना करत असेल. शेवटी विचारलंच.

"मोजतोय," म्हणाला.

"तिकिटं मोजायला मी आहे की."

"तिकिटं नाही गं, चेहरे. किती जण खूश आहेत आणि किती वैतागलेत. उतरताना खूश जास्त असले की आपली फेरी चांगली झाली."

मी म्हटलं, झालं कल्याण, ही गाडी म्हातारी आणि ड्रायव्हर येडा. पण खोटं कशाला बोलू, त्याच दिवशी मला तो आवडला.

ही खोड लहानपणापासूनची. वडील शिंपी, ते लवकर गेले. घरात आई, ताई आणि हा, आणि तिघांत मिळून एक जाड पांघरूण. यानेच ठरवलं म्हणे: आईचे सांधे दुखतात, ताईला खोकला आहे, म्हणजे त्या दोघींनी घेतलं की घरातलं सुख जास्त. मी विचारलं, "आणि तू?" तर म्हणाला, "मी काय, मी दोन शर्ट घालून झोपायचो." असं सहज सांगितलं, जणू दोन शर्ट म्हणजे चैनच! मी तेव्हा नुसती हसले. तिथेच कान पकडायला हवा होता.

आमच्या गाडीत पुढच्या सीटवर एक प्राध्यापकबाई बसायच्या. नीतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, रोज वाचनालयात जायच्या. त्यांनी एकदा याची ती चेहऱ्यांची बेरीज ऐकली आणि अशा खूश झाल्या की थांबा चुकला.

"अरे, याला उपयुक्ततावाद म्हणतात!" त्या म्हणाल्या. "एखादं काम बरं की वाईट, ते त्यातून किती जणांना किती सुख झालं आणि किती दुःख झालं यावरून ठरवायचं. करणारा कोण, त्याचा हेतू काय, ते नंतर. आणि मोजताना प्रत्येकाला एकच धरायचं. बंगलेवाला असो नाहीतर भंगारवाला, एक म्हणजे एक. मी जन्मभर हे वर्गात शिकवलं आणि मुलं जन्मभर झोपली. तू झोपत नाहीस."

"झोपून कसं चालेल, बाई? गाडी चालवतोय," तो म्हणाला.

झालं! त्या दिवसापासून दोघांची गट्टी जमली आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

पहिला ताप म्हणजे धावणारी माणसं. गाडी सुटताना मागून कुणी धावत आलं, की हा आरशात बघून हिशेब मांडायचा. आत तीस जण, त्यांचा फार तर एकेक मिनिट जाणार. बाहेर एकटी बाई, पण गाडी चुकली तर तिचा पाऊण तास जाणार. मग थांबायचं. ऐकायला किती गोड! पण लोक काय कमी असतात का? याचा हिशेब गावभर झाला आणि लोकांनी धावणंच सोडलं. टपरीवरून चहाचा ग्लास वर करून 'आलोच' म्हणायला लागले. एकदा तर समोरच्या सलूनमधून एक गृहस्थ गळ्याला टॉवेल, निम्म्या तोंडाला साबण अशा अवस्थेत बाहेर आले आणि ओरडले, "ओ ड्रायव्हर, एकच गाल राहिलाय!"

आणि हा थांबला! मी घंटी दोनदा ओढली, चारदा ओढली, दोरी तुटायची पाळी आली. हा शांतपणे म्हणतो, "अगं, एका गालावर दाढी ठेवून दिवसभर हिंडायचं म्हणजे केवढं दुःख! बघ, आतल्यांना तर मजाच वाटतेय." आणि खरंच, अख्खी बस खिडक्यांना लटकून त्या दुसऱ्या गालाकडे बघत होती. गृहस्थ चढले तेव्हा टाळ्या पडल्या. त्या दिवशी आमच्या मागची गाडी आमच्या आधी डेपोत पोचली, आणि साहेबांनी आम्हा दोघांना उभं करून अशी हजेरी घेतली की बस्स.

"चुकलं कुठे सांगू?" दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या. त्यांना तर उकळ्याच फुटत होत्या. "तू एकेक कृती सुटी तोलतोस. हा झाला कृती-उपयुक्ततावाद. दुसरे म्हणतात, कृती तोलू नका, नियम तोला. कुठला नियम सगळ्यांनी पाळला तर एकूण सुख जास्त होईल ते आधी ठरवा, आणि मग तो मुकाट्याने पाळा. एकाला थांबणं चांगलंच रे, पण 'सगळ्यांसाठी थांबायचं' हा नियम केलास तर गाडीच जागची हलणार नाही."

याने लगेच नियम केला: दोन घंट्या झाल्या की कुणासाठी थांबायचं नाही. वा! काय दिवस होते ते! गाडी वेळेवर, साहेब गप्प, कारखान्यात कामाला जाणाऱ्या बायका खूश, लोक पुन्हा धावायला लागले आणि त्यांच्या तब्येती सुधारल्या. मग एक दिवस हॉस्पिटलच्या थांब्यावरून आम्ही निघालो, आणि मागून एक आजोबा एक्स-रेचं मोठं पाकीट हलवत आले. मी पाहिलं, यानेही बाजूच्या आरशात पाहिलं, आणि नियम म्हणजे नियम, म्हणून गाडी पुढे घेतली. शेवटच्या थांब्यावर याने चहाला हात लावला नाही.

"नियम बरोबर आहे ना तुझा?" मी विचारलं.

"बरोबर आहे."

"मग?"

"ते अजून तिथेच उभे असतील गं."

त्याचा चेहरा बघून मला भडभडून आलं. म्हटलं, बाबा रे, एक्स-रेवाल्यांसाठी थांबत जा. मग काय विचारता! एक्स-रेवाले सोडून, कडेवर मूल असलेले सोडून, धावताना चप्पल सुटलेले सोडून, एकाच गालाची दाढी झालेले सोडून, बाकी कुणासाठी थांबायचं नाही. नियमाला इतकी ठिगळं लागली की मूळ कापड दिसेना. प्राध्यापकबाई तर आनंदाने सीटवर उड्या मारायच्या बाकी राहिल्या. म्हणे, "याच भांडणावर जाडजूड पुस्तकं लिहिली गेलीत! नियमाला पुरेसे अपवाद जोडा, की तो फिरून कृतीपाशीच येतो. आणि तुम्ही दोघांनी ते एका बसमध्ये करून दाखवलंत!"

गाण्यांचंही तेच. याने रेडिओ बसवला. मागच्या बाकांवर हॉस्पिटलच्या धुलाईखान्यातल्या बायका, त्यांना दणदणीत गाणी हवीत. बाईंना संथ वादन हवं. बाई म्हणाल्या, सगळी सुखं सारखी, फक्त किती ते मोजा, असं एक मत आहे. पण काही सुखं मुळातच वरच्या दर्जाची असतात, ती थोडी असली तरी जड भरतात, असं दुसरं मत आहे, आणि माझं तेच आहे. मागून आवाज आला, "बाई, दिवसभर चादरी पिळून या, मग सांगा कुठलं सुख वरचं!" बाईंना हसता हसता ठसका लागला. पुढच्या आठवड्यात त्याच म्हणाल्या, "ते परवाचं धांगडधिंग्याचं गाणं लाव बरं जरा."

तर असे आमचे दिवस चालले होते आणि मी मेली त्याच्या प्रेमात पुरती बुडाले होते. हा स्वतःहून बोलेल याची वाट बघून माझे डोळे शिणले. शेवटी एक दिवस दुपारची फेरी संपली, गाडी रिकामी झाली, आणि मी पुढे जाऊन इंजिनाच्या गरम झाकणावर बसले आणि विचारून टाकलं.

"माझ्याशी लग्न करतोस का?"

त्याचे कान लाल झाले. आणि काय केलं असेल त्याने? मान वर करून आरशात बघितलं! अरे, गाडीत चिटपाखरू नाही, कुणाला मोजतोस? चेहरा मात्र असा फुलला होता की मला वाटलं, जिंकलं. तेवढ्यात म्हणाला, "उद्या सांगतो."

ती रात्र मी कशी काढली ते माझं मला माहीत. आणि दुसऱ्या दिवशी हा समोर उभा राहिला, तोंड एवढंसं करून.

"मास्तर, हिशेब जमत नाही."

"कसला हिशेब?"

"घरात दोन खोल्या. आई, ताई, भावजी, जुळ्या भाच्या. तू आलीस की एक खोली आपल्याला लागणार. म्हणजे आई स्वयंपाकघरात, ताईचं सगळं बिऱ्हाड एका खोलीत, पोरींना अभ्यासाला जागा नाही. पाच जणांची गैरसोय. शिवाय तिकडे तुझे बाबा एकटे पडणार. सहा झाले. बाईंनी सांगितलंय ना, काहींच्या मते सुख वाढवण्याच्या आधी दुःख कमी करायचं बघावं. ते मला पटतं. सहा जणांना दुःख देऊन मी..."

माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला! नकार दिला असता तर रडून मोकळी झाले असते. पण हा माणूस डोळ्यांत पाणी आणून मला वजाबाकीत टाकत होता! त्या दिवशी मी तिकिटं अशी फाडली की लोक सुट्टे मागायला घाबरले. घंटी अशी ओढली की गाडीच दचकून सुरू झाली. चादरीवाल्या बायका गप्प, रेडिओ गप्प. शेवटच्या थांब्यावर प्राध्यापकबाई उतरेचनात. म्हणाल्या, "काय झालंय ते सांगितल्याशिवाय मी हलायची नाही."

मी सांगितलं, रडत, शिव्या घालत, नाक पुसत. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्याला हाक मारली. तो गाडीखाली काहीतरी तपासायचं सोंग करत होता, तो बाहेर आला.

"कुणाकुणाला मोजलंस?"

त्याने पुन्हा सहाही जण सांगितले.

"आणि स्वतःला?"

"मला?" असा बघायला लागला, जणू त्यांनी चंद्रावरच्या कुणाबद्दल विचारलंय. "माझं काय त्यात?"

"अरे गाढवा, प्रत्येकाला एक धरायचं म्हणजे तुलाही एक! जास्त नाही, पण शून्यही नाही. बरं, ते राहू दे. हिला तरी मोजलंस ना?"

तो चपलेने माती उकरत म्हणाला, "मास्तरला वेगळी कशी मोजणार? तिला मी माझ्यातच धरलं होतं."

घ्या! म्हणजे स्वतःला शून्य धरलं आणि मला त्या शून्यात टाकून मोकळा झाला! त्याला एक ठेवून द्यावी की गळ्यात पडावं, मला कळेना. बाई चष्मा काढून पुसत राहिल्या. मग आवाज चढवून म्हणाल्या, "आणि त्या सहा जणांना विचारलंस का? की आरशात बघूनच ठरवलंस? कुणाला सुख कशात आहे हे आपण परस्पर ठरवायचं नाही, ज्याची त्याची पसंती काय ते पाहायचं, असंही एक मत आहे. जा, विचार! आत्ताच्या आत्ता!"

ड्यूटी संपल्यावर मी त्याला दंडाला धरून त्याच्या घरी नेलं. सगळे नेमके घरात होते. हा दारातच उभा राहिला आणि एका दमात म्हणाला, "मी लग्न केलं तर तुम्हाला किती दुःख होईल?"

ताईच्या हातातली वाटी खाली पडली. "लग्न? तू? अरे देवा, अहो ऐकलंत का!" आणि ती नाचायलाच लागली. मग जे बाहेर आलं ते ऐकून मी कपाळाला हात लावला. भावजींना त्यांच्या दुकानामागची खोली केव्हापासून मिळत होती. पण आपण गेलो तर हा एकटा पडेल, म्हणून ताई जात नव्हती. आईला खरं तर लेकीकडे राहायचं होतं, नातींशिवाय तिला करमत नाही. पण मुलाला कोण बघणार, म्हणून ती गप्प. भावजींना या दाटीत झोप लागत नव्हती. पण सासूबाईंना वाईट वाटेल, म्हणून ते घोरण्याचं नाटक करायचे. आणि जुळ्या म्हणाल्या, "आम्हाला मामी हवी होती, पण मामाला विचारायचं नाही असं आईने सांगितलंय." म्हणजे अख्खं घरच बेरीज करत होतं, आणि प्रत्येक जण स्वतःला सोडून! सगळे मिळून सगळ्यांच्या सुखासाठी सुखाने अवघडले होते.

माझ्या बाबांचं तर विचारूच नका. त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "कधी जातेस? मला घरात मोकळेपणाने माउथ ऑर्गन वाजवायचाय." मी अर्धा तास रुसले होते.

पण त्या संध्याकाळी त्याच्या घरी खरी गोष्ट पुढेच होती. सगळ्यांचं हसून झालं, आणि आईंनी लेकाच्या तोंडावरून हात फिरवला. म्हणाल्या, "आमचं झालं रे. तुला काय हवंय?"

त्याने तोंड उघडलं आणि तो नुसता उभा राहिला. त्याला खरंच सांगता येईना. नकोच होतं असं नाही हो. हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारलाच नव्हता, त्याने स्वतःनेही नाही. शेवटी म्हणाला, "उद्या सांगतो." आईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. दोघींच्याही डोळ्यांत पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली फेरी. गाडी गच्च भरलेली. बाई पुढे, चादरीवाल्या मागे, दाढीवाले गृहस्थ मध्ये दांड्याला धरून. हा इंजिन सुरू करून नेहमीसारखा वर बघत होता आणि ओठ हलवत होता. दोन घंट्यांची वाट बघत होता. मी दोरीला हातच लावला नाही. कोपरांनी वाट काढत पुढे गेले.

"काय गं? निघायचं ना?"

"काय मोजतोयस?"

"सगळ्यांना."

"त्या आरशात मागचं शेवटचं माणूससुद्धा दिसतं. कोण दिसत नाही, सांग?"

त्याला कळेना. मी हात वर केला, आरशाचं टोक धरलं आणि तो करकन खाली वळवला. त्यात आता एकच तोंड होतं. खाकी शर्टाची कॉलर, लाल कान आणि विस्कटलेले केस, दुसरं काही नाही.

"मोज आता," मी म्हटलं.

गाडी अशी शांत झाली की फक्त इंजिन खोकत होतं. तो स्वतःकडे बघत राहिला. कितीतरी वेळ बघितलं त्याने. मग ओठ हलले. "एक," तो म्हणाला. आणि मग माझ्याकडे वळून, सगळ्या गाडीदेखत, मोठ्याने, "मला तू हवी आहेस, मास्तर. कुणाला कितीही गैरसोय झाली तरी हवी आहेस!"

अहो, काय कल्लोळ झाला म्हणून सांगू! चादरीवाल्यांनी बाक बडवले, दाढीवाल्यांनी शेजाऱ्याचीच गळाभेट घेतली, प्राध्यापकबाई रुमालात नाक शिंकरत ओरडत होत्या, "कितीही गैरसोय चालणार नाही हं, तेवढं चुकलं! तेवढं चुकलं!" कुणी ऐकतंय! घंटीची दोरी कोणी ओढली देव जाणे, पण दोन नाही, चांगल्या वीस घंट्या झाल्या. त्या गडबडीत दोघं जण धावत येऊन गाडीत चढलेसुद्धा.

आता आमच्या गाडीत मोठा आरसा त्याच्या जागी आहे, आणि त्याच्या खाली एक छोटा, तळहाताएवढा आरसा मी तारेने बांधलाय, सरळ त्याच्या तोंडावर रोखून. परवा तपासणीला साहेब आले. त्यांनी तो आरसा बोटाने हलवून पाहिला आणि मला विचारलं, "हा कशाला? यातून तर रस्ता दिसत नाही, प्रवासी दिसत नाहीत."

मी म्हटलं, "साहेब, एक जण मोजायचा राहत होता."